सकाळचे दहा शब्द

४ जानेवारी

समुपदेशिकेने पहिले वाक्य उच्चारण्यापूर्वीच कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. निकाल मला तेव्हाच कळला. नंतर ती जे बोलली तो केवळ शिष्टाचार होता.

तरी नोंद नेमकी हवी. वृद्धांच्या स्मृतीवर चाललेल्या एका अभ्यासासाठी आम्ही दोघांनी गेल्या वर्षी रक्त दिले होते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी संबंधित एका जनुकात माझ्याकडे एक विशिष्ट भेद आहे. तो असलेल्या काही स्त्रियांमध्ये उतारवयात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण किंचित अधिक आढळते. "काही अभ्यासांत आढळतं, काहींत नाही आढळत," ती म्हणाली. किंचित म्हणजे किती, असे मी विचारले. तिने एका आलेखावर बोट ठेवले. आलेखाच्या उभ्या अक्षावर एकक लिहिलेले नव्हते. मी ते निदर्शनास आणून दिले. तिने पुन्हा डबा सरकवला.

माझ्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. माझे बीजांडकोश चाळिशीतच काढावे लागले, त्यामुळे ते संप्रेरक शरीरातून वेळेआधीच आटले. आणि मी आईची मुलगी आहे.

निवेदकांचे रक्त जोडीदार म्हणून, तुलनेसाठी घेतले होते. त्यांच्यात शोधलेल्यांपैकी काहीच सापडले नाही. "पण याचा अर्थ त्यांना कधी काही होणारच नाही असा नाही हं," अशी पुस्ती तिने जोडली. असली वाक्ये औषधाच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली असतात. ती कोणी वाचावीत अशी छापणाऱ्याचीही अपेक्षा नसते.

निवेदक म्हणजे माझे पती. रेडिओवर आयुष्यभर बातम्या वाचलेल्या माणसाला वहीत दुसरे काय म्हणणार? परतताना बसमध्ये ते म्हणाले, "म्हणजे मी पास आणि बाईसाहेब नापास? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडतंय हे!" मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि उरलेला प्रवासभर माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले.

५ जानेवारी

आईची शेवटची दोन वर्षे मी आजवर कागदावर आणली नाहीत. आजही सर्व आणणार नाही. एवढेच, की मी भेटायला गेले की ती खुर्ची पुढे करून अदबीने म्हणायची, "बसा ना. माझी मुलगी येईलच इतक्यात." आणि आवाज उतरवून: "फार कडक आहे हो ती. तिच्यासमोर काही सांडू नका."

मी दर वेळी बसत असे. काही सांडत नसे.

८ जानेवारी

धाकटीला फोनवर सांगितले. माझी बहीण असल्याने तिनेही तपासून घ्यावे, असे सुचवले.

"मला नाही जाणून घ्यायचं, ताई. वेड लागायचंच असलं तर लागू दे, आधी तिकीट काढून कशाला बसू?"

"याला अज्ञान म्हणतात."

"म्हण. तू लहानपणी परीक्षेच्या आधीच पेपर कठीण जाणार म्हणून रडायचीस, आणि पहिली यायचीस. तसंच हे."

मी फोन ठेवला. मी रडत नसे. मी उजळणी करत असे.

१० जानेवारी

भीतीवर एकच उपाय मला येतो, तो म्हणजे व्यवस्था. जी प्रयोगशाळा मी निवृत्तीपर्यंत चालवली तिथे सोनारांपासून इस्पितळांपर्यंत सर्वांचे काटे तपासायला येत, आणि आमचा शिक्का बसल्याशिवाय कोणाचेही वजन खरे मानले जात नसे. तिथली शिस्त आता घरात लावायची आहे.

पहिली गोष्ट, दररोज सकाळी माझी स्मृती मोजायची. निवेदक दहा शब्द वाचतील, काही वेळ दुसरे काही बोलतील, आणि मग मी ते शब्द म्हणायचे. लक्ष विचलित होऊ नये म्हणून मी डोळे मिटून घेईन. म्हटलेल्या शब्दापुढे ते बरोबरची खूण करतील, राहिलेल्यापुढे फुली.

दुसरी गोष्ट, मी पडण्यापूर्वी घर त्यांच्या हाती गेले पाहिजे. किल्ल्या, गॅस, बँक आणि माझी औषधे. थायरॉइडची गोळी मी वर्षानुवर्षे घेते, शिवाय कॅल्शियम, रक्तदाब आणि बाकीच्या. यापुढे ते गोळ्या छोट्या वाटीत काढून ठेवतील आणि मी घेईन. त्यात डोकावायचे नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. एका कामाला दोन माणसे जबाबदार असली की दोघेही दुसऱ्याने पाहिले असेल असे धरून चालतात. प्रयोगशाळेतले सर्व मोठे अपघात असेच झाले होते.

निवेदकांनी हे सारे ऐकले आणि म्हणाले, "म्हणजे सत्तांतर?"

"हस्तांतर."

"मग शपथविधी होऊ दे की." आणि त्यांनी चमचा माइकसारखा धरला.

१३ जानेवारी

पहिल्या तिन्ही दिवशी दहाच्या दहा. वाचन मात्र ऐकावे असे. "नमस्कार, बाईसाहेब. हे आहेत आजचे ठळक शब्द." होडी, कुलूप, मिरी, चाक, जिना... त्या आवाजात 'मिरी' हा शब्दही राष्ट्रीय महत्त्वाचा वाटतो.

२ फेब्रुवारी

लिहायचे टाळत होते. गेला आठवडा आठच्या वर जाता आलेले नाही. आज सात.

"होडी राहिली," ते म्हणाले.

"म्हटली मी होडी. सर्वांत आधी म्हटली."

"नाही गं." त्यांनी कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "फुली आहे इथे."

होडी म्हटल्याची मला खात्री होती. दिवसभर ती खात्री उलटसुलट करून पाहिली. मग आठवले, की आईलाही खात्रीच असे. चष्मा शेजारणीने चोरला याची, वडील फिरायला गेले आहेत याची. डळमळीत माणसे अशी ठाम नसतात. ठामपणा हेच लक्षण असेल तर मी आता कशावर विश्वास ठेवायचा?

११ फेब्रुवारी

हात कापतो. याच ओळीचे अक्षर पाहावे. छातीत धडधड, झोप नाही, जेवण अंगी लागत नाही. स्कर्ट कमरेवरून घसरतो म्हणून पिन लावली. एका वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात निसटते. वाचले त्यात असे काही या आजाराच्या आरंभी सांगितलेले नाही, पण माझ्या बाबतीत तो निराळ्या वाटेने येत असावा.

यात निवेदकांच्या गबाळेपणाची भर. काल पुन्हा बल्ब घेऊन आले. खण बल्बांनी भरलेला आहे. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी तो किस्सा सांगितला, बातम्या चालू असताना स्टुडिओत मांजर शिरल्याचा. पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत सांगितला, आणि तिसऱ्यावर दार उघडायच्या आत पुन्हा मांजरापासून सुरुवात केली. ती बिचारी दोन्ही वेळा हसली. स्वतःच्या आवाजावर प्रेम करणाऱ्यांची ही जुनी खोड आहे. गॅसवर दूध ठेवून ते बाल्कनीत गेले आणि पातेले काळे झाले, तेही मी लिहिणार होते, पण ज्या बाईची स्वतःची बुद्धी चालली आहे तिने दुसऱ्याच्या पातेल्यावर किती बोलावे?

१९ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानात प्रसंग घडला. थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली पुन्हा मुदतीआधी संपली. गेल्या महिन्यातही तसेच झाले होते. याचा अर्थ उघड होता, बाटलीत गोळ्या कमी भरल्या जात आहेत.

दुकानदार म्हणाला, "बाई, बाटली सीलबंद येते कंपनीतून. मी काय आत हात घालतो?"

"सील हा प्रमाणाचा पुरावा होत नाही. माझ्यापुढे सीलबंद खोटी वजने आलेली आहेत."

"घरात कुणी चुकून जास्त घेत नाही ना?"

"माझ्या घरात गोळ्या चुकत नाहीत."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "आजी, आमचाही नंबर येऊ दे की." मला आजी म्हणायला तो माझा नातू लागत नव्हता. तक्रार देण्याचे सांगून मी बाहेर पडले, आणि फुटपाथवर येताच कोणत्या बाजूला वळायचे ते क्षणभर कळेना. हृदय कानांत वाजत होते. रस्ता तोच, पाटी तीच. मी खांबाला धरून उभी राहिले.

अशीच सुरुवात होत असणार.

२७ फेब्रुवारी

धाकटी येऊन गेली. मला पाहताच म्हणाली, "काय गं ही दशा? वाळून काटकुळी झालीस." मी तिला गुण सांगितले. गेल्या आठवड्यात एकदा पाच.

जेवताना निवेदकांनी तिच्या कुत्र्याची चौकशी केली. तो गेल्याला वर्ष झाले. तिने तसे सांगितले. ते मनापासून हळहळले, फार सुंदर शब्दांत. मग ताक वाढताना त्यांनी विचारले, "आणि तुझा तो कुत्रा काय म्हणतो?"

धाकटीने माझ्याकडे पाहिले. मी ताटाकडे पाहिले. वय झाल्यावर पुरुष पाहुण्यांशी बोलताना ऐकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

निघताना जिन्यात ती म्हणाली, "ताई, भावोजींनाही एकदा दाखवून आण."

"त्यांचा निकाल स्वच्छ आहे."

"कागद स्वच्छ आहे गं. माणूस?"

"तू स्वतःची तपासणी टाळतेस आणि लोकांना पाठवतेस."

"बरं बाई, तू म्हणशील ते." ती दोन पायऱ्या उतरली आणि पुन्हा वर आली. मला मिठी मारली. आमच्यात तशी पद्धत नाही.

५ मार्च

वकिलांकडे जाऊन आले. माझी शुद्ध हरपल्यावर माझ्या उपचारांचे, घराचे, सर्व निर्णय निवेदकांनी घ्यावेत, असा अधिकारलेख करायचा आहे. मला कोणत्या संस्थेत ठेवायचे, कोणते औषध द्यायचे, कोणते थांबवायचे, हे सारे. वकिलांनी एक अट सांगितली. आज मी शुद्धीत आहे असा डॉक्टरांचा दाखला लागेल.

हा दाखला मिळण्याइतकी मी उरले आहे का, या विचाराने वकिलांच्या खोलीतल्या पंख्याचा आवाजही मोठा वाटू लागला. निवेदक बाहेर बाकावर बसले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "झालं का? दाताच्या डॉक्टरांनी फार दुखवलं नाही ना?" विनोद बरा होता. मला हसू आले नाही.

१० मार्च

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दाखल्यापूर्वी रक्त तपासायला पाठवले होते. आज अहवाल पाहून त्यांनी चष्मा काढला.

"थायरॉइड फार वर गेलंय. गोळी दुप्पट घेताय का?"

"शक्य नाही."

"हात पुढे करा." केला. तो कापत होताच. "धडधड? झोप नाही? वजन उतरलंय? लक्ष लागत नाही?"

"ती स्मृतिभ्रंशाची—"

"ती जादा गोळीची. हे सगळं जादा गोळीनेसुद्धा होतं. कोण देतं तुम्हाला गोळ्या?"

डॉक्टर वाट पाहत राहिले. भिंतीवर मानवी कानाचे चित्र होते, मी ते पाहत राहिले. आयुष्यभर मी नवशिक्यांना एकच गोष्ट ओरडून सांगितली होती: वजन खोटे म्हणण्याआधी काटा तपासा. मी दोन महिने स्वतःला खोटे ठरवत होते, आणि काट्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

आनंद व्हायला हवा होता. बसमध्ये मी निवेदकांशेजारी बसले आणि मला इतकी भीती वाटली की आपला थांबा येऊच नये असे वाटले.

११ मार्च

नियम मोडला. चष्मा लावून वाटीत पाहिले. एकसारख्या तीन गोळ्या, तिन्ही थायरॉइडच्या. मी पाहत असतानाच ते बाथरूममधून आले, बाटली उघडली आणि चौथी टाकली.

"टाकायची राहिलीच होती," ते म्हणाले.

मग शब्दांची वेळ झाली. त्यांनी वाचले. ते मांजराबद्दल बोलले. मी शब्द म्हणू लागले, आणि या वेळी डोळे उघडे ठेवले. मी 'कंदील' म्हटले. पेन्सिल कागदावर उतरली, थांबली, वर सरकली, खाली सरकली. त्यांचे ओठ हलत होते. मी 'पायरी' म्हटले. तोवर कंदील त्यांच्याजवळून निघून गेला होता. त्यांनी घाईने दोन्हींपुढे फुली मारली आणि मोठ्या, स्वच्छ, विश्वासार्ह आवाजात म्हणाले, "बाईसाहेब, आजचा निकाल, दहापैकी पाच."

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले.

१२ मार्च

आज त्यांना सांगितले. चूक दिसली तर सांगायची, याखेरीज मला दुसरे जमत नाही.

त्यांनी नाकारले नाही. मला अपेक्षा भांडणाची होती. ते टेबलाशी बसले आणि टेबलावरचा एक डाग अंगठ्याने घासत राहिले.

"मला कळत होतं गं. गेल्या वर्षापासूनच. बातम्यांचं एक बरं असतं, समोर लिहिलेलं असतं. वाचलं की झालं. आत काही राहिलं का, कुणी विचारत नाही."

"आणि माझ्या फुल्या?"

"तू काय म्हणालीस ते मला राहत नव्हतं. मग अंदाजाने मारायचो."

"दर वेळी माझ्याविरुद्ध?"

त्यांचा अंगठा डागावरच थांबला. "सुरुवातीला नाही. मग एकदा तू चुकलीस म्हणालो, तर तू घाबरलीस. आणि मला... एकटं वाटेनासं झालं. तू पण येतेयस बरोबर, असं वाटलं. वाईट आहे ना हे?"

"अत्यंत वाईट आहे," मी म्हणाले.

"हो."

मी त्यांच्यावर इतकी संतापले की शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घेतले. दोन महिने मी आईच्या खुर्चीत बसून पाहत होते, आणि हा माणूस मला सोबतीला घेऊन चालला होता. संताप ओसरला तेव्हा खाली फक्त भीती होती. परत गेले तर ते तिथेच, त्याच डागाशी.

"तो निघायचा नाही," मी म्हणाले. "तो लाकडातच आहे."

"कधीपासून?"

"आपण घेतलं तेव्हापासून."

२३ मार्च

विशेषज्ञांकडे तीन खेपा झाल्या. निवेदकांनी तिथे सर्वांना मोहून टाकले. तिथल्या परिचारिकेने त्यांच्याकडून हवामानाचा अंदाज वाचून घेतला. मग दार बंद झाले आणि साधे प्रश्न सुरू झाले. मी बाहेरच्या बाकावर होते. दारातून त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आवाजात कुठेही खोट नव्हती.

आरंभाची अवस्था आहे, असे सांगितले. शोधलेला जनुकीय भेद त्यांच्यात नसल्याचे मी विशेषज्ञांना सांगितले. जणू अपील करत होते. ते म्हणाले, "त्या एका वाटेने नाही आला. वाटा पुष्कळ आहेत."

वकिलांची भेट रद्द केली. गोळ्या आता मी काढते, दोघांच्याही. माझी मात्रा खाली आणली आहे. हात अजून कापतो, पण कमी. माझ्या रक्तातला तो भेद कुठे गेलेला नाही. धाकटीला विचारले, आम्हा दोघांना काही झाले तर अधिकारलेखात तुझे नाव घालू का? एरवी विनोद करणारी माझी बहीण फक्त "हो" म्हणाली. मला अधिकच भीती वाटली.

२८ मार्च

त्यांनी स्वतःच विषय काढला. "आता तू वाच. मी ऐकतो."

"कशाला?"

"मला कळायला हवं ना, किती उरलोय." मग म्हणाले, "आणि एक कर. मला खूश करायला कधी बरोबर म्हणू नकोस. धाकटी म्हणेल, डॉक्टर म्हणतील, सगळे म्हणतील. तू म्हणायला लागलीस की मी समजेन, संपलं. तुझ्या तोंडून चूक ऐकू येतंय तोवर मी आहे."

"हे मला जमेल," मी म्हणाले. आयुष्यभर दुसरे काय केले?

६ एप्रिल

ते जमत नाही.

आज मी दहा शब्द वाचले. माझा आवाज वाचनाला योग्य नाही, फार टोकदार आहे. मग खिडकीबाहेर रस्ता खणणाऱ्या यंत्राबद्दल थोडे बोलले आणि थांबले.

त्यांनी डोळे मिटले होते. 'घंटा' आली. 'पूल' आला. 'साबण' आला. नंतर काहीच येईना. त्यांच्या मिटलेल्या पापण्यांखाली डोळे इकडेतिकडे हलत होते, अंधाऱ्या खोलीत दिव्याचे बटण शोधावे तसे. मी वाट पाहिली. बाहेरचे यंत्र थांबले, पुन्हा सुरू झाले.

"होडी," ते म्हणाले. चेहरा उजळला. "होडी होती."

आज होडी नव्हती. गेले कित्येक दिवस होडी नाही.

'बरोबर' हा शब्द माझ्या तोंडात तयार झाला होता. तो इतका सोपा, इतका गोड होता की मी दात आवळून धरले. त्यांनी डोळे उघडले. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, लहान मूल डॉक्टरच्या सुईकडे पाहते तसे, आणि त्यांचा हात टेबलाची कड धरून होता.

"चूक," मी म्हणाले. माझा आवाज फाटला.

त्यांनी श्वास सोडला, आणि हात टेबलावरून उचलून माझ्या हातावर ठेवला.

"पुढचा," ते म्हणाले.